तरंगाची कला : एक प्रस्तावना

दोलनगतीचे समीकरण प्रथम फळ्यावर येते त्या दिवशी त्यातील आयाम ही राशी विद्यार्थ्याला तत्काळ पटते, कारण लंबक मध्यापासून किती दूर जातो हे त्याच्या डोळ्यांना दिसत असते. आवर्तकालही पटतो, कारण घड्याळ लावून तो मोजता येतो. परंतु कंसाच्या अखेरीस अधिक चिन्ह देऊन जे एक ग्रीक अक्षर चिकटवलेले असते, आणि ज्याची ‘आरंभीची कला’ एवढ्याच शब्दांत बोळवण करून अध्यापक पुढच्या उदाहरणाकडे वळतात, ते मात्र त्याच्या मनात कोठेच घर करीत नाही. बहुतेक उदाहरणांत त्या अक्षराची किंमत शून्य धरावयाची असते, म्हणून वर्षभर निभावून जाते. पुढे व्यतिकरण, स्थिर तरंग, प्रत्यावर्ती विद्युत्प्रवाह ही प्रकरणे एकामागून एक रुजू होऊ लागली म्हणजे मग त्या उपेक्षित अक्षराचे देणे व्याजासह फेडावे लागते. माझ्या मते दोष विद्यार्थ्याचा नाही. ज्या राशीवाचून तरंगशास्त्राचे पान हलत नाही तिला समीकरणात शेपटासारखे स्थान देण्याची जी वहिवाट आपल्या क्रमिक पुस्तकांत पडली आहे, तिचा तो परिणाम आहे. आणि ती वहिवाट मोडून कलेलाच अग्रस्थान द्यावे, आयाम व आवर्तकाल यांनी मागाहून यावे, एवढ्याच हेतूने हे छोटेखानी पुस्तक सिद्ध झाले आहे.

कला म्हणजे काय, हे प्रथम सांगितले पाहिजे. लंबक मध्यापासून उजवीकडे, आयामाच्या बरोबर निम्म्या अंतरावर आहे, एवढे कोणी सांगितले तर त्या लंबकाची स्थिती आपल्याला समजली असे होत नाही. कारण तो तेथून बाहेरच्या टोकाकडे निघाला आहे की टोकाला शिवून परत येत आहे, हे अद्याप कळावयाचे आहे, आणि पुढच्या क्षणी तो कोठे असेल हे तर त्यावरच अवलंबून आहे. स्थान आणि दिशा या दोन्ही गोष्टी एकाच संख्येत सांगण्याची जी युक्ती गणित्यांनी योजली तिचे नाव कला. एका वर्तुळावर समान वेगाने फिरणारा एक बिंदू कल्पावा आणि त्याची सावली व्यासावर पाडावी. सावली दोलन करते, बिंदू नुसता फिरत राहतो. सावली मध्याच्या उजवीकडे निम्म्या अंतरावर दिसते तेव्हा मध्यापासून मोजलेला बिंदूचा कोन ३० अंश तरी असतो किंवा १५० अंश तरी. पहिल्यात ती बाहेर चालली आहे, दुसऱ्यात परतते आहे. तो कोन, म्हणजे कंसातील सबंध राशी, ही कला होय; शेवटचे अक्षर हा तिचा केवळ आरंभीचा अंश आहे. ही गोष्ट पक्की झाली की नाही, हे पाहण्यासाठी एक प्रश्न मी नेहमी घालीत आलो आहे: मध्यापासून निघालेल्या लंबकाला निम्मा आयाम चालून जाण्यास आवर्तकालाचा कितवा भाग लागतो? पाव आवर्तकालात पुरा आयाम, म्हणून अष्टमांशात निम्मा, असे उत्तर वर्गातून बहुधा एकमुखाने येते. खरे उत्तर द्वादशांश असे आहे, कारण ३० अंश हा पूर्ण फेरीचा बारावा हिस्सा. आणि उरलेला निम्मा आयाम तोडण्यास त्याच्या दुप्पट, म्हणजे षष्ठांश काल लागतो. कला समान गतीने वाढते, स्थान तसे वाढत नाही.

हा द्वादशांश कागदावर न पाहता पाण्यावर पाहावयाचा असेल तर कोकणातील एखाद्या बंदराच्या धक्क्यावर जाऊन बसावे. पूर्ण ओहोटीला धक्क्याच्या ज्या पायऱ्या उघड्या पडतात त्यांवर दर तासाने एक खडूची खूण करीत गेले तर असे आढळते की पहिल्या तासात पाणी जेमतेम एखादी पायरी चढते, दुसऱ्या तासात दोन, तिसऱ्या व चौथ्या तासांत तीन-तीन, पाचव्यात पुन्हा दोन आणि सहाव्यात एक. म्हणजे सबंध चढणीचे बारा हिस्से केले तर त्यांतील सहा हिस्से मधल्या दोनच तासांत पदरात पडतात. मधले दोन तास म्हणजे मध्यपातळीच्या अलीकडील ३० अंश आणि पलीकडील ३० अंश. खाडीत होडी घालणारा माणूस हा हिशेब ज्याकोष्टक न उघडता करीत असतो. पाणी ‘धावते’ कधी आणि ‘थांबते’ कधी, हे त्याला तंतोतंत ठाऊक असते, आणि पाण्याची निव्वळ उंची त्याला पुरत नाही, ते चढते आहे की उतरते आहे हे तो आधी पाहतो. कलेचे ज्ञान म्हणतात ते याहून निराळे नाही.

परंतु एका दोलनाची कला सांगताना काल कोणत्या क्षणापासून मोजावयाचा हे आपणच मुक्रर करीत असतो. घड्याळ थोडे उशिरा सुरू केले की कलेचा आकडा बदलतो, आणि निसर्गात मात्र काडीचा फरक पडत नाही. सबब, एकाकी कलेला फारसा अर्थ नाही. अर्थ आहे तो दोन दोलनांच्या कलांमधील फरकाला, म्हणजे कलांतराला. घड्याळ कधीही सुरू करा, दोन्ही आकडे सारखेच सरकतात आणि अंतर अबाधित राहते. याचाही दाखला त्याच धक्क्यावर मिळतो, आणि तो इतका सुंदर आहे की पाठ्यपुस्तकांनी तो सोडून दूरदूरची उदाहरणे का शोधावीत, याचे मला आश्चर्य वाटत आले आहे.

समुद्रात भरती एक नसते, दोन असतात. चंद्रामुळे उठणारी भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी पुन्हा येते. सूर्यामुळे उठणारी बरोबर १२ तासांनी. सूर्याच्या भरतीचा आयाम चंद्राच्या भरतीच्या आयामाच्या निम्म्याहूनही काहीसा कमी. किनाऱ्यावर आपल्याला दिसते ती या दोहोंची बेरीज, आणि त्या बेरजेत काय निघेल हे सर्वस्वी त्यांच्या कलांतरावर ठरते. अमावास्येला सूर्य व चंद्र एकाच दिशेला असतात, तेव्हा कलांतर शून्य. दोन्ही भरत्या एकमेकींना हात देतात आणि उधाण येते. पुढे चंद्र सूर्याला मागे टाकीत पूर्वेकडे सरकतो, आणि दोघांमधील कोन १२ अंशांनी वाढला की पंचांगात एक तिथी संपते. तिथीची व्याख्याच ती आहे. आता भरती दिवसातून दोनदा येत असल्यामुळे आकाशातील कोनाची दुप्पट केली की भरत्यांचे कलांतर मिळते; म्हणून दर तिथीला कलांतर २४ अंशांनी वाढते, साडेसात तिथींनी, म्हणजे अष्टमीच्या मध्यावर, ते १८० अंश होते, सूर्याची भरती चंद्राच्या ओहोटीवर येऊन पडते आणि भांग लागतो; आणि पौर्णिमेच्या अखेरीस ते ३६० अंश, म्हणजे पुन्हा शून्यवत्, होऊन दुसरे उधाण येते. दाते किंवा कालनिर्णय उघडून ज्याने तिथी पाहिली त्याने, स्वतःच्या नकळत का होईना, एक कलांतर वाचले. (उधाणाचा खरा जोर अमावास्येला न दिसता एक-दोन दिवस मागाहून दिसतो, हे किनाऱ्यावरचा कोणीही सांगेल, महासागराचे पाणी दोन्ही प्रेरणांना सारख्याच तत्परतेने प्रतिसाद देत नाही, म्हणून ही दिरंगाई. तिचे विवेचन प्रेरित दोलनांच्या प्रकरणात आहे.)

याच विषयात कोकणपट्टीत एक तोंडी गणित चालत आलेले आहे: तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी, जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मुंबईच्या आसपास अमावास्येची भरती दुपारी व मध्यरात्री बाराच्या सुमारास येते, म्हणून हे गणित तेथे चालते. पण नीट ताडून पाहिले तर त्यात कसर आहे. पंधरा तिथींनी भरती पुन्हा बारा वाजता यावयास हवी, आणि पाऊणपट केली तर सव्वाअकराच भरतात. शिवाय रोजचा उशीर सदासर्वदा पाऊण तासाचा नसतोच: उधाणाच्या दिवसांत तो सुमारे ३५ ते ४० मिनिटांवर येतो, आणि भांगाच्या दिवसांत सव्वा तासाच्याही पुढे जातो. असे का व्हावे? कलांतर असलेल्या दोन दोलनांची बेरीज केली असता जे दोलन निष्पन्न होते त्याचा केवळ आयामच बदलतो असे नव्हे, त्याची कलाही दोघांच्या दरम्यान कोठेतरी जाऊन बसते. उधाणानंतर सूर्याची भरती चंद्राच्या भरतीच्या किंचित पुढे असते आणि बेरजेला आपल्याकडे, म्हणजे लवकरच्या वेळेकडे, ओढते. भांग उलटला की तीच तिला उशिराकडे ओढू लागते. आपल्या ज्योतिषग्रंथांत ग्रहाचे मध्यम स्थान आणि स्पष्ट स्थान असा भेद करून त्या दोहोंमधील फरकाला फल म्हणतात, आणि मध्यमाला ते फल लावल्यावाचून ग्रहणाचे गणित कोणी करीत नाही. पाऊणपटीचा नियम हा भरतीचा मध्यम आहे. त्याला सूर्याच्या भरतीचे फल लावले की स्पष्ट भरती येते. विद्यार्थ्याने हे फल स्वतः काढावे, अशी तजवीज दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी केली आहे. त्यास दोन बाण आणि एक कोनमापक यांखेरीज काही लागत नाही.

सूर्य आणि चंद्र हे दोनच घटक घेऊन बंदराच्या कारभाराला पुरेल इतके अचूक वेळापत्रक मात्र तयार होत नाही. चंद्राचे अंतर कमी-अधिक होते, तो विषुववृत्ताच्या उत्तरेस-दक्षिणेस जातो, आणि यांपैकी प्रत्येक कारणाची एक लहानशी स्वतंत्र भरती धरावी लागते. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीची नोंद घेण्यास सुरुवात झाली, आणि १८७९ साली लंडनमध्ये एडवर्ड रॉबर्ट्स यांच्या देखरेखीखाली हिंदुस्थानच्या बंदरांसाठी एक भरतीभाकीत यंत्र बांधून तयार झाले. त्याची कल्पना लॉर्ड केल्व्हिन यांच्या, काही वर्षे आधीच्या यंत्रावरून घेतलेली होती. त्यात प्रत्येक घटक-भरतीसाठी एक स्वतंत्र चाक असे. चाकावरील खुंटी केंद्रापासून जितकी दूर बसवावी तितका त्या भरतीचा आयाम. दातेरी चक्रांच्या जुळणीने चाकाला जी गती द्यावी ती तिच्या आवर्तकालाची. आणि वर्षारंभीच्या क्षणी चाक ज्या कोनात वळवून ठेवावे तो कोन, हीच त्या भरतीची आरंभीची कला. या सर्व खुंट्यांनी वरखाली होणाऱ्या कप्प्यांवरून एकच बारीक तार ओवलेली असे. मूठ फिरवू लागले की साऱ्या कप्प्यांच्या हालचालींची बेरीज तारेच्या टोकाला असलेल्या लेखणीत उतरे, आणि कागदाच्या गुंडाळीवर पुढच्या साली येणाऱ्या भरत्या आजच उमटत जात. पुढे हे यंत्र डेहराडूनला सर्वेक्षण खात्याकडे आले. गणकयंत्रांनी ही पितळेची चाके निकालात काढली, त्याबद्दल शोक करण्याचे कारण नाही. परंतु विद्यार्थ्याला कला हाताने धरून दाखवावयाची झाली तर त्या चाकाइतके प्रामाणिक साधन दुसरे सापडणार नाही, असे मला वाटते. ज्या अक्षराची किंमत आपण उदाहरणांत खुशाल शून्य धरतो, ते अक्षर म्हणजे तेथे कारागिराने मोजून वळवलेले एक चाक होते, आणि ते चुकीचे वळवले तर बंदराच्या तोंडाशी जहाज गाळात रुतण्याचा संभव होता.

येथवर एकाच धक्क्यावरचा विचार झाला. आता धक्का सोडून किनाऱ्याने चालू लागावे. मुंबईला जी भरती पूर्ण झाली ती खंभातच्या आखातात शिरून भावनगरला पूर्ण होण्यास आणखी काही तास घेते. म्हणजे एकाच क्षणी निरनिराळ्या ठिकाणच्या पाण्याची कला निरनिराळी असते, आणि ती ठिकाणागणिक क्रमाने बदलत जाते. तरंग म्हणतात तो हाच. पाणी जागच्या जागी चढउतार करते आणि किंचित मागेपुढे होते. जी मैलोगणती प्रवास करते ती कला. लाटेचा माथा पुढे आला असे आपण म्हणतो तेव्हा ९० अंशांची कला पुढे आली, एवढाच त्याचा अर्थ असतो, कारण माथ्यावरचे पाणी प्रत्येक क्षणी नवे असते. ज्या-ज्या ठिकाणी भरती एकाच वेळी पूर्ण होते ती ठिकाणे नकाशावर रेषेने जोडण्याचा उपक्रम केंब्रिजच्या विल्यम ह्युएल यांनी १८३० नंतरच्या काही वर्षांत हाती घेतला. प्रकाशाच्या प्रकरणात ज्याला तरंगाग्र म्हणतात त्याच जातीच्या या रेषा आहेत. उत्तर समुद्राच्या नकाशावर त्या रेषा आखता आखता ह्युएल यांच्या ध्यानात आले की किनाऱ्यांवरील वेळांचा मेळ बसावयाचा असेल तर समुद्राच्या मध्यभागी कोठेतरी बाराही तासांच्या रेषा एका बिंदूत मिळाल्या पाहिजेत. त्या बिंदूवर भरती किती वाजता? एक वाजता म्हणावे तर दोनच्या रेषेने तक्रार करावी, आणि दोन म्हणावे तर तीनच्या. सर्व कलांना एकाच ठिकाणी नांदावयाचे असेल तर त्याला एकच मार्ग उरतो: तेथे आयाम शून्य असला पाहिजे, म्हणजे पाणी चढताही कामा नये आणि उतरताही कामा नये. हे भाकीत १८३६ चे. चार वर्षांनी कॅप्टन ह्युएट यांनी जहाज नेऊन भर समुद्रात खोली मोजली, तो पाण्याची पातळी जवळजवळ हललेली दिसली नाही. केवळ कलेच्या विचारातून आयामाविषयी असा निष्कर्ष निघावा, याहून बळकट कैफियत कलेच्या बाजूने मला देता येणार नाही.

स्थिर तरंग, टोकाशी परावर्तन होताना पडणारे १८० अंशांचे अंतर, साबणाच्या पडद्याचा वरचा भाग फुटण्यापूर्वी काळा का दिसतो, ही प्रकरणे त्या-त्या ठिकाणी आली आहेत. त्यांबाबत येथे विस्तार करीत नाही. वीजघराचे मात्र एक उदाहरण नमूद करतो. नवे जनित्र चालू जाळ्याशी जोडण्यापूर्वी मधल्या बंद न केलेल्या खटक्याच्या दोन बाजूंमध्ये दिवे लावून पाहण्याची जुनी रीत आहे. जाळ्याची वारंवारता सेकंदाला ५० आणि जनित्राची ५०.२ असेल तर कलांतर दर सेकंदाला ७२ अंशांनी वाढते, आणि दिवे पाच सेकंदांत एकदा पेटून, भडकून, मंदावून विझतात. दिवे पूर्ण विझले, म्हणजे कलांतर शून्य झाले, की खटका ओढावयाचा. भडकलेले असताना ओढला तर जनित्राच्या वेटोळ्यांवर आणि दांड्यावर जो आघात होतो त्याने लाखोंचे नुकसान होऊ शकते. हे गणित उधाण-भांगाच्या गणिताहून अणुमात्र वेगळे नाही. तेथे एका चक्राला पावणेपंधरा दिवस लागतात, येथे पाच सेकंद. तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा अगदी जुळत आल्या असताना जो सावकाश हेलकावा ऐकू येतो, त्यालाही हेच सूत्र लागू आहे.

कलेचा विषय जुना असला तरी त्यात करण्यासारखे काही उरलेले नाही, अशी समजूत होऊ नये म्हणून अखेरच्या प्रकरणात शिवरामकृष्णन पंचरत्नम यांच्या कार्याचा परिचय दिला आहे. बंगळूरला रामन यांच्या संस्थेत संशोधन करीत असता, वयाच्या बाविसाव्या वर्षी, १९५६ मध्ये, त्यांनी एक वरकरणी पोरकट वाटणारा प्रश्न विचारला: ज्यांचे ध्रुवण निरनिराळे आहे अशा दोन प्रकाशशलाका समकलेत आहेत असे केव्हा म्हणावे? त्यांनी ठरवले की दोन्ही एकत्र आणल्यावर प्रकाश जास्तीत जास्त होईल तेव्हा. व्याख्या साधी, पण तिच्यातून निघालेला निष्कर्ष चक्रावून टाकणारा: पहिली शलाका दुसरीशी समकलेत, दुसरी तिसरीशी समकलेत, आणि तरीही तिसरी पहिलीशी समकलेत नाही. तीन ध्रुवणे एका गोलाच्या पृष्ठावर बिंदूंनी दाखवली तर जे कलांतर शिल्लक राहते ते त्या बिंदूंच्या त्रिकोणाने केंद्राशी केलेल्या घनकोनाच्या बरोबर निम्मे भरते. हा निबंध भारतीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला आणि बरीच वर्षे कोणाच्या फारसा दृष्टीस पडला नाही. १९८४ मध्ये मायकेल बेरी यांनी पुंजयामिकीत याच स्वरूपाची कला दाखवून दिली, त्यानंतर विद्वानांचे लक्ष त्याकडे गेले.

पुस्तकाच्या रचनेविषयी दोन शब्द. कोन सर्वत्र आधी अंशांत दिले आहेत आणि त्रिज्यकोनांचा उपयोग चौथ्या प्रकरणापासून सुरू होतो, कारण ज्याला पाव फेरी डोळ्यांपुढे आणता येत नाही त्याला ‘पाय भागिले दोन’ लिहिता आले तरी त्याचा उपयोग होत नाही. ‘कला पुढे असणे’ आणि ‘आलेख डावीकडे सरकणे’ या एकाच गोष्टी आहेत, याविषयी पुष्कळ विद्यार्थ्यांचा गोंधळ उडतो, म्हणून त्यावर स्वतंत्र आकृती आहे. संमिश्र संख्यांचा अवलंब बुद्ध्याच टाळला आहे. तज्ज्ञांना ही उणीव भासेल, परंतु त्या संख्या शिकवण्याची सोय पुढील वर्षांच्या अभ्यासक्रमात असतेच. भरतीची उदाहरणे सोडवण्यासाठी चालू सालचे पंचांग आणि बंदराचे भरतीचे कोष्टक जवळ ठेवावे. दोहोंतील आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यासाठी पृष्ठे कोरी सोडली आहेत.